दर्यापारची देणगी आणि घरचे कीर्तन

श्रोतेहो, थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी-उंदेरीचे किल्ले दिसतात. ते लढायांची आठवण देतात. पण शेजारच्या नवगावची आठवण निराळी आहे. फार जुन्या काळी तिथे एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. ही ज्यू मंडळी कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावचे ते नवगावकर, किहीमचे ते केहिमकर. भाषा आपलीच, मराठी.

या समाजाला एकोणिसाव्या शतकात परदेशातून मदत येऊ लागली. परक्या संस्थेशी हातमिळवणी करावी का, तिचा पैसा घेतला तर आपले काय सांभाळावे, हा प्रश्न आज गावच्या नाट्यमंडळाला आणि कलापथकालाही पडतो. म्हणून हा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

पहिली थैली मिशनऱ्यांची. अमेरिकन मिशनने कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायलांची मुले शिकली. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, तो काही लपलेला नव्हता. समाजाने विद्या घेतली, बायबलातल्या प्राचीन कथा मराठीत वाचायला मिळाल्या त्या घेतल्या. धर्म मात्र बहुतेकांनी आपलाच राखला.

दुसरी थैली लंडनची. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली. लंडनमध्ये १८७१ साली स्थापन झालेल्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला पैशाची मदत केली. पुढे, बगदादहून चीनकडे जाऊन व्यापारात मोठे झालेले सर एली कदूरी यांची देणगी आली आणि शाळेला त्यांचे नाव लागले. यात गैर काही नाही. पण मोठी देणगी आली की दारावरची पाटीही बदलते, हे ध्यानात असू द्यावे.

आता कलेचे पाहा. सन १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनाला उत्तेजन देणारी मंडळी पुढे आली. कीर्तन कोणते? आपण देवळात ऐकतो त्याच घाटाचे. साथीला वाद्ये, मधूनमधून ओवी, साकी, दिंडी. आख्यान मात्र आब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. कथा हजारो मैलांवरची, तिची मराठी वाट पुष्कळशी परक्यांच्या मदतीने मोकळी झालेली. पण चाल आणि बोली इथली. धान्य बाहेरून आले तरी दळले ते घरच्या जात्यावर! म्हणून ज्याला हिब्रू येत नव्हते त्या माणसालाही आपल्या पूर्वजांचे चरित्र कळले.

कीर्तनाला मोठी इमारत लागत नाही. सांगणारा, साथीदार आणि ऐकणारे एवढे असले की पुरे. त्यामुळे ते प्रवासालाही सोपे. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे हळूहळू इस्रायलला गेली. तिथे त्यांना बरोबरीच्या मानासाठी झगडावे लागले. १९६४ साली तिथल्या सरकारने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले. शाळेची इमारत मुंबईतच राहिली. कीर्तनातली पदे मात्र बायकांच्या ओठांवर बसून समुद्रापार गेली. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. एके काळी जो समाज बाहेरून घेत होता, त्याने बाहेरच्या देशात मराठी नेली.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, परदेशच्या संस्थेशी नाते जोडायला भिऊ नये. परदेशी देणगीसाठी कायदा आहे. १९७६ चा जाऊन २०१० चा आला. त्याप्रमाणे नोंदणी किंवा परवानगी घ्यावी, हिशेब चोख ठेवावा. पण कागदावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी मंडळाच्या बैठकीत विचाराव्यात. देणाऱ्याचा हेतू काय? आख्यान कोणते लावायचे, हे कोण ठरवणार? आणि उद्या देणगी थांबली, तर आपल्या खर्चाने काय चालू राहील?

तिसऱ्या प्रश्नाला ज्यांच्यापाशी उत्तर आहे, त्यांनी खुशाल हात पुढे करावा.