'वाय' दाबण्याआधी

मंडळी, आज आपण सदाशिव पेठेत जमलोय, तेव्हा इथल्याच भारत इतिहास संशोधक मंडळाची आठवण आधी काढू. वि. का. राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी ते १९१० साली स्थापन केलं. त्याआधीच, १८९८ पासून, राजवाडे जुनी कागदपत्रं छापून प्रसिद्ध करत होते. एकदा कागद छापला, की अस्सलाला वाळवी लागली तरी मजकूर उरतो.

आता संगणकाकडे येऊ. नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, तर बहुधा डिस्क फॉरमॅट करावी लागते. एमएस-डॉसमध्ये त्यावेळी इंग्रजीत इशारा यायचा: डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? 'वाय' दाबलं की जबाबदारी आपली. पण ज्याला ते इंग्रजी कळतच नाही, त्याच्यासाठी तो इशारा कसला?

१९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीत सुधारणा झाली. फॉरमॅट करताना फायली कुठे आहेत याची नोंद बाजूला जपली जाई, आणि 'अनफॉरमॅट'नं त्या परत आणता येत. माणूस चुकणार, हे धरूनच केलेली ही सोय. मात्र त्याच जागेवर नवी सिस्टिम लिहिली गेली, की तिचाही इलाज चालत नाही.

म्हणजे समजेल अशा भाषेत विचारणं आणि चूक मागे घेऊ देणं, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं काम. पण कोणती फाइल मोलाची, हे प्रोग्रामला कळत नाही. ते आपल्यालाच ठाऊक असतं. म्हणून फोटो, हिशेब, लिखाण आधी दुसरीकडे उतरवू, ती प्रत उघडते का ते पाहू, आणि मगच 'वाय' दाबू.