सायकलला इंजिन : पंचवीस ‘सीसी’ची लक्ष्मणरेषा

- प्रतिनिधी

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची ‘लूना’ रस्त्यावर आणली आणि पेडल मारून इंजिन सुरू करण्याची सवय मध्यमवर्गाला लागली. पेट्रोलवरची लूना इतिहासजमा झाली, तरी साध्या सायकलला छोटे इंजिन जोडण्याची हौस कायम आहे. गवत कापण्याच्या यंत्राचे वा फवारणी पंपाचे इंजिन कॅरिअरवर चढविणारे कारागीर आजही आढळतात. मात्र केवळ वेगाचा विचार करून इंजिन निवडल्यास पश्चात्तापाची वेळ येऊ शकते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ (२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाची गणना ‘मोटार वाहना’त होत नाही. ही मर्यादा ओलांडताच नोंदणी, परवाना व विमा बंधनकारक ठरतो. घरी जोडलेल्या सायकलला अधिकृत चाचणीचे प्रमाणपत्र नसल्याने तिची नोंदणी होणे जवळपास अशक्यच. अपघात घडल्यास विम्याविना भरपाईचा भार थेट चालकावर पडतो. म्हणूनच इंजिनावरील पट्टीवर छापलेली क्षमता वाचल्याशिवाय खरेदी करू नये. फवारणी पंपाची अनेक इंजिने २६ सीसीच्या आसपास असतात, तर गवत कापण्याच्या यंत्रांत ३५, ४३ व ५२ सीसीची इंजिने सर्रास आढळतात. परदेशी जोडसंचांत ‘८० सीसी’ म्हणून विकले जाणारे इंजिन प्रत्यक्षात सुमारे ६६ सीसीचेच असते. ती क्षमताही मर्यादेच्या कितीतरी पुढची आहे.

शक्ती किती लागते?

सपाट रस्त्यावर ताशी २५ कि.मी. वेगासाठी चाकापाशी जेमतेम १७० ते २०० वॅट शक्ती पुरते. २५ सीसीचे चांगले फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे एक अश्वशक्ती, म्हणजे सातशेहून अधिक वॅट देते. साध्या चढालाही ते पुरेसे आहे. थोडक्यात, कायद्याची मर्यादा ही गैरसोय नव्हे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक इंजिन हलके, स्वस्त व दुरुस्तीला सोपे असते. परंतु पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते (२५ : १ प्रमाण असल्यास लिटरला ४० मि.लि.), धूर व कर्कश आवाज होतो आणि न जळलेले इंधन वाया जाते. फोर-स्ट्रोक इंजिन महाग असले तरी शांत आणि काटकसरी असते. त्यात तेल थोडेच मावत असल्याने त्याची पातळी वारंवार तपासावी. शहरात रोजच्या वापरासाठी फोर-स्ट्रोकच श्रेयस्कर.

गिअरचे गणित

अनेकांची फसगत येथे होते. २८ इंची चाक ताशी २५ कि.मी. वेगाला मिनिटाला सुमारे १९० फेरे घेते, तर छोटे इंजिन पूर्ण शक्ती ७,००० फेऱ्यांना देते. म्हणजे वेग जवळपास ३७ पटींनी कमी करावा लागतो. एका चेनने हे साधत नाही. गिअरपेटी अथवा दोन टप्प्यांची चेन आणि सेंट्रिफ्युगल क्लच हवाच. फ्रान्समध्ये १९४६ साली आलेल्या ‘व्हेलोसोलेक्स’मध्ये पुढच्या चाकावर टेकणारा रोलर होता. ही रचना सोपी खरी, पण ओल्या टायरवर रोलर घसरतो आणि टायरही लवकर झिजतो.

ब्रेक विसरू नका

ताशी १५ ऐवजी ३० कि.मी. वेगाने जाताना थांबविण्याची ऊर्जा दुप्पट नव्हे, तर चौपट होते. रॉडचे जुने ब्रेक त्यासाठी बनलेले नाहीत, पावसाळ्यात तर ते जवळपास निकामीच. डिस्क किंवा ड्रम ब्रेक, जाड स्पोक आणि पोलादी फ्रेम आवश्यक आहे. कंपनांमुळे नट-बोल्ट ढिले होतात, त्यामुळे लॉक-नट वापरून दर आठवड्याला तपासणी करावी. कायदा सूट देत असला तरी हेल्मेट वापरावेच.

इंजिनाचा खटाटोप नको असल्यास २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ कि.मी. मर्यादेची प्रमाणित विद्युत सायकल हा पर्याय आहे. तिलाही नोंदणी लागत नाही. पेट्रोलच हवे असेल, तर आधी ब्रेक आणि मगच इंजिन, हा क्रम पाळणे हिताचे.