१ नोव्हेंबर २००५ : एका तारखेचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण पेन्शनवरून सध्या जे दोन्ही बाजूंनी बोललं जातंय त्यात इतिहास कुठेच येत नाही, म्हणून लिहितोय.

आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या स्टाफरूममध्ये बघा, एकच वर्ग शिकवणारे, एकाच पगारपत्रकावर सह्या करणारे दोन गुरुजी बसलेले असतात. एकाला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, आणि त्याच्या माघारी बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. दुसऱ्याच्या पगारातून दरमहा १० टक्के कापून बाजारात गुंतवले जातात आणि शेवटी हातात काय येईल हे बाजार ठरवणार. फरक कशाचा? पहिला ३१ ऑक्टोबर २००५ पर्यंत रुजू झाला, दुसरा त्यानंतर. बस्स.

पेन्शनच्या बाबतीत ही तारखेची रेघ नवी नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या पेन्शन कायद्यात पेन्शन ही सरकारची मेहेरबानी होती, तिच्यासाठी साध्या दिवाणी कोर्टात दावाही लावता येत नसे. स्वातंत्र्यानंतरही ही वृत्ती बरीच टिकली. १९७९ मध्ये केंद्राने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण फायदा फक्त ३१ मार्च १९७९ ला आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. आदल्या दिवशी घरी गेलेला तसाच राहिला. संरक्षण खात्यातून १९७२ ला निवृत्त झालेले डी. एस. नाकरा याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले.

१७ डिसेंबर १९८२ ला निकाल लागला. सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड, पाच जणांचं पीठ, निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी. कोर्टाने सांगितलं की पेन्शन ही भीक नाही, बक्षीसही नाही, ती केलेल्या नोकरीचा मोबदला आहे, आणि एकाच प्रकारच्या पेन्शनरांत मनमानी तारखेने दोन गट पाडता येणार नाहीत. आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळेच.

मग २००५ ची रेघ कशी टिकली? मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९० मध्ये रेल्वेच्या भविष्य निर्वाह निधीवाल्या निवृत्तांनी आम्हालाही नाकरा निकाल लावा म्हटलं, तेव्हा कृष्णकुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. का, तर पेन्शनवाले आणि फंडवाले हे मुळातच दोन वेगळे वर्ग. म्हणजे एकाच योजनेत रेघ मारली तर ती पुसली जाते. पण नव्या माणसांना नव्या योजनेतच टाकलं की रेघ शाबूत. पुढच्या धोरणकर्त्यांनी हे ध्यानात ठेवून केलं की आपोआप झालं, ते सोडा. झालं मात्र तसंच.

पुढचा क्रम झटपट सांगतो. एस. ए. दवे समितीचा ‘ओअॅसिस’ अहवाल आला. वाजपेयी सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना एनपीएस लावली, सैन्यदलं वगळून. राज्यात विलासराव देशमुखांचं सरकार असताना १ नोव्हेंबर २००५ पासून ‘परिभाषित अंशदान’ योजना आली, पुढे ती एनपीएसमध्ये मिसळली. पेन्शन प्राधिकरणाचा कायदा २०१३ मध्ये मनमोहनसिंग सरकारने केला. तेव्हा हे अमक्या पक्षाचं पाप म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पश्चिम बंगाल सोडलं तर जवळपास सगळेच या वाटेने गेले. (आमदारांच्या पेन्शनला मात्र अशी कुठलीच तारीख लागली नाही. २०१६ मध्ये ती ५० हजारांवर गेली.)

सरकारचा हिशेब खोटा होता असं मी म्हणणार नाही. जुन्या पेन्शनसाठी कुठलाच निधी बाजूला ठेवलेला नसतो, ती चालू तिजोरीतून जाते आणि माणसं आता जास्त जगतात. पण हिशेब मांडताना मयताचं घर विसरलं. नव्या योजनेतला तरुण शिक्षक अपघातात गेला तर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं, खात्यात साठलेली रक्कम तेवढी. आमच्या भागात कित्येकांना आपल्या कपातीचा हिशेबसुद्धा वर्षानुवर्षं कागदावर मिळाला नव्हता. राज्याने कुटुंब निवृत्तिवेतनाची दुरुस्ती केली ती थेट २०२३ मध्ये.

तेही सहज नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला जुनी पेन्शन दिल्यास राज्य दिवाळखोरीत जाईल असं सभागृहात सांगितलं गेलं. १४ मार्च २०२३ ला ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संप सुरू झाला, २० मार्चला मागे घेतला गेला. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालच्या १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपापुढे हे सात दिवस कमीच, पण सरकार हललं. जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ‘युनिफाइड पेन्शन’ जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याने ती स्वीकारली: २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, माघारी जोडीदाराला त्याच्या ६० टक्के. कपात मात्र चालूच.

आणि एक, कर्मचारी मित्रांना न आवडणारं. गावातला निवृत्त एसटी कंडक्टर, कारखान्याचा कामगार ईपीएस-९५ वर आहे, तिथे किमान पेन्शन २०१४ पासून महिना १ हजार रुपये. श्रावणबाळ योजनेत म्हाताऱ्या शेतमजुराला १,५००. जुन्या पेन्शनच्या मोर्चाला ही माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघतात, सामील होत नाहीत. नाकरा निकालात म्हातारपणाच्या सामाजिक सुरक्षेबद्दल जे लिहिलंय ते सरकारी नोकरापुरतंच वाचायचं का, हे संघटनांच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवं.