अली, सालिम मोइझुद्दीन
(१२ नोव्हेंबर १८९६–२० जून १९८७). भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक व निसर्गसंवर्धक. जन्म व मृत्यू मुंबईत. बालपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्यांना पक्षिसंग्रह दाखविला व अभ्यासाची गोडी लावली. पुढे बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी प्रशिक्षण घेतले. रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरणीच्या विणीचे निरीक्षण करून त्यांनी लिहिलेला निबंध विशेष गाजला. मुंबईच्या वांद्रे उपनगरातील पाली हिल येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते.

‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ (१९४१) या पुस्तकामुळे पक्षिनिरीक्षण सामान्यांपर्यंत पोहोचले. सिडनी डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा संदर्भग्रंथ लिहिला. भरतपूरची पाणथळ भूमी व केरळमधील सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) हे त्यांचे आत्मचरित्र. पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६) व राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व (१९८५) हे त्यांचे प्रमुख सन्मान. गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सालिम अलींच्या जन्मदिनापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो.