एका मृत आरोपीचा न्याय

१८८८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरच्या दिवशीं लंडनच्या पश्चिमेस चिझिक येथें टेम्स नदींत एका नावाड्यास एक प्रेत आढळलें. तें पुष्कळ दिवस पाण्यांत राहिलेलें होतें. अंगावर पूर्ण पोषाख होता, आणि कोटाच्या प्रत्येक खिशांत चार चार दगड भरलेले होते. त्यांशिवाय पन्नास व सोळा पौंडांचे दोन चेक, थोडी रोकड, ब्लॅकहीथ ते लंडन ह्या आगगाडीचा पास आणि १ डिसेंबर ह्या तारखेच्या एका परतीच्या तिकिटाचा न वापरलेला अर्धा भाग, इतक्या वस्तु त्या प्रेताजवळ सांपडल्या. १८८९ सालच्या २ जानेवारीस कॉरोनरपुढें चौकशी झाली आणि ‘मनाचा तोल गेला असतां केलेली आत्महत्या’ असा पंचांनीं निर्णय दिला. दुसऱ्या दिवशीं डॉर्सेट परगण्यांतील विंबोर्न ह्या गांवीं त्या प्रेतास मूठमाती देण्यांत आली. मृताचें नांव माँटेग्यू जॉन ड्रुइट. वय वर्षें ३१. व्यवसाय बॅरिस्टरीचा व शिक्षकाचा.

ही दुःखद कथा येथेंच संपावयाची. परंतु आज सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती संपलेली नाहीं. कारण ‘जॅक धि रिपर’ ह्या नांवानें ओळखला जाणारा नराधम हाच, असें म्हणणारा एक पक्ष निर्माण झाला, आणि त्या पक्षाच्या मागें लंडनच्या पोलिस खात्यांतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचें नांव उभें राहिलें. जिवंत आरोपीस वकील देतां येतो; मेलेल्या आरोपीस इतिहासाच्या वाचकावांचून दुसरा वकील नाहीं. म्हणून ह्या आरोपाचीं दोन्ही पारडीं एकदां शांतपणें तोलून पाहावीं, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ घटना स्मरूं. १८८८ सालच्या ३१ ऑगस्टच्या पहाटे लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत बक्स रो ह्या गल्लींत मेरी ॲन निकोल्स ही स्त्री गळा चिरलेल्या स्थितींत सांपडली. ८ सप्टेंबरला हॅनबरी स्ट्रीटमधील एका घराच्या मागील अंगणांत ॲनी चॅपमन, ३० सप्टेंबरच्या एकाच रात्रीं बर्नर स्ट्रीटमध्यें एलिझाबेथ स्ट्राइड व मायटर स्क्वेअरमध्यें कॅथरिन एडोज, आणि ९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्टमधील एका खोलींत मेरी जेन केली, अशा पांच स्त्रियांचे प्राण गेले. ह्या साऱ्या दारिद्र्यानें गांजलेल्या होत्या. रात्रीच्या निवाऱ्याचे चार पेन्स जवळ नाहींत म्हणून रस्त्यावर राहावें लागणें, हें त्यांच्यांतील कित्येकींचें नित्याचें दैव होतें. खुनी कधींच सांपडला नाहीं. ‘जॅक धि रिपर’ हें नांवसुद्धां एका वृत्तसंस्थेस आलेल्या पत्रांतून रूढ झालें, आणि तें पत्र कोणा वार्ताहराचेंच कारस्थान असावें, असें पुढें खुद्द पोलिस अधिकाऱ्यांनीं म्हटलें.

ड्रुइटचें नांव ह्या प्रकरणाशीं जोडलें गेलें तें १८९४ सालच्या फेब्रुवारींत. त्या महिन्यांत एका लंडनी वर्तमानपत्रानें टॉमस कटबुश नांवाच्या वेड्या इसमावर ह्या खुनांचा आरोप केला. त्यास उत्तर म्हणून सर मेलव्हिल मॅकनॉटन ह्यांनीं २३ फेब्रुवारीस एक गुप्त टिपण तयार केलें. त्यांत खून पांचच मानावे असें सांगून, कटबुशपेक्षां अधिक संशयास्पद अशीं तीन नांवें दिलीं आहेत: ड्रुइट, कोस्मिन्स्की व मायकेल ऑस्ट्रॉग. ड्रुइटविषयीं तें टिपण म्हणतें कीं, हा कुलीन घराण्यांतील डॉक्टर असून मिलर्स कोर्टच्या खुनाच्या सुमारास नाहींसा झाला. आणि त्याच्या कुटुंबियांसच त्याचा संशय होता असें खासगी माहितीवरून आपणांस वाटतें. १९५९ सालीं ह्या टिपणाची एक प्रत मॅकनॉटन ह्यांच्या कन्येजवळ असल्याचें उघडकीस आलें, आणि १९६५ सालीं टॉम कलन ह्यांच्या ग्रंथानें ड्रुइटचें नांव सर्वतोमुखीं केलें.

हे मॅकनॉटन कोण, हें जाणून घेणें हिंदी वाचकांस मनोरंजक वाटेल. पोलिस खात्यांत येण्यापूर्वीं ते बंगालमध्यें आपल्या वडिलांच्या जमिनींची व्यवस्था पाहत होते. १८८१ सालीं तेथील रयतेनें दंगा करून त्यांस मारहाण केली, आणि त्या प्रकरणांतून त्यांची जेम्स मन्रो ह्या बंगालमधील पोलिस अधिकाऱ्याशीं ओळख झाली. पुढें हेच मन्रो लंडनच्या पोलिस खात्याचे प्रमुख झाले व १८८९ सालच्या जूनमध्यें त्यांनीं मॅकनॉटन ह्यांस स्कॉटलंड यार्डांत आणलें. ही तारीख वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पांचवा खून होऊन सात महिने झाल्यावर, आणि ड्रुइट मातीआड होऊन पांच महिने झाल्यावर, हा साक्षीदार कामावर रुजू झाला!

आतां फिर्यादी पक्षाचें म्हणणें त्याच्याच जोरानें मांडूं. एक : खून थांबले आणि हा मनुष्य नाहींसा झाला, हा काळाचा मेळ आहे. दोन : मायटर स्क्वेअरजवळ एडोज हिच्याबरोबर एक पुरुष जोसेफ लॅवेंड ह्या साक्षीदारानें पाहिला होता, तो सुमारें तिशीचा व मिशा ठेवणारा होता. ड्रुइट एकतीस वर्षांचा होता व मिशा ठेवीत असे. तीन : त्याच्या घराण्यांत मनोविकार होता. त्याची आई १८८८ सालच्या जुलैपासून वेड्यांच्या इस्पितळांत होती, आणि आपणही आईसारखेच होणार अशी धास्ती त्यानें मृत्यूपूर्वीं लिहून ठेविली होती. चार : तो ज्या शाळेंत शिकवीत असे तेथून कांहीं गंभीर कारणामुळें त्यास काढून टाकण्यांत आलें होतें. पांच : मॅकनॉटन ह्यांच्या टिपणाच्या तीन वर्षें आधीं, १८९१ सालच्या फेब्रुवारींत, पश्चिम डॉर्सेटचे पार्लमेंटचे सभासद हेन्री फार्कर्सन हे एका शस्त्रवैद्याच्या मुलाविषयीं हाच प्रवाद सांगत असल्याचें छापून आलें होतें. ड्रुइटचे वडील शस्त्रवैद्य होते आणि घराणें डॉर्सेटचें. तेव्हां मॅकनॉटन ह्यांनीं ही गोष्ट आपल्या मनानें रचिली नव्हती, एवढें मान्य केलेंच पाहिजे.

हीं पांच कलमें एका दमांत वाचलीं म्हणजे मन डळमळतें. पण न्यायाची रीत अशी आहे कीं, प्रत्येक कलम वेगळें काढून त्याचें वजन करावें.

मुख्य साक्षीदार मॅकनॉटन. त्यांचें टिपण ड्रुइटला डॉक्टर म्हणतें. तो डॉक्टर नव्हता. विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथें शिकून तो १८८५ सालीं बॅरिस्टर झाला होता. टिपणाच्या कन्येकडील प्रतींत त्याचें वय ४१ दिलें आहे. म्हणजे दहा वर्षें अधिक. १९१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत मॅकनॉटन ह्यांनीं खुन्याची आत्महत्या १० नोव्हेंबरच्या सुमारास झाल्याचें म्हटलें आहे. परंतु प्रेताच्या खिशांतील तिकीट १ डिसेंबरचें होतें. ज्या साक्षीदारास आरोपीचा धंदा, वय व मृत्यूचा दिवस हीं तीनही नीट सांगतां येत नाहींत, त्याच्या ‘खासगी माहितीवर’ मनुष्यास फांशीं देण्यास कोणता ज्यूरर तयार होईल? शिवाय त्याच टिपणांतील तिसरा संशयित ऑस्ट्रॉग हा १८८८ सालच्या शरदृतूंत फ्रान्समध्यें अटकेंत होता, असें पुढें संशोधकांनीं दाखवून दिलें. तिघांपैकीं एकाची ही अवस्था, तर दुसऱ्याविषयींच्या विधानावर डोळे मिटून विश्वास कसा ठेवावा?

काळाचा मेळ हें कलम दिसावयास सर्वांत बळकट आहे. पण त्यांतच मोठा हेत्वाभास लपलेला आहे. खून ९ नोव्हेंबरला थांबले असें आपण म्हणतों, तें खून पांचच धरले म्हणून. १८८९ सालच्या जुलैंत ॲलिस मॅकेंझी ही स्त्री त्याच भागांत मारली गेली, तेव्हां डॉक्टर बाँड ह्यांनीं तो त्याच हाताचा खून असल्याचें मत दिलें. डॉक्टर फिलिप्स ह्यांचें मत उलट पडलें. ह्यांतील खरें कोणतें, हा प्रश्न बाजूस ठेवूं. पण त्या खुनानंतर पोलिसांनीं व्हाइटचॅपेलमधील गस्त पुन्हां वाढविली, ही गोष्ट निर्विवाद आहे. खुनी टेम्सच्या तळाशीं गेला आहे अशी खात्री असणारें खातें असें वागत नसतें. खुन्याचा अंत डिसेंबरांत झाला म्हणून पुढील खून त्याचे नव्हेत, आणि पुढील खून त्याचे नव्हेत म्हणून त्याचा अंत डिसेंबरांत झाला, हा युक्तिवाद म्हणजे घाण्याच्या बैलाची वाट होय.

त्यांतही एक गोष्ट विशेष बोलकी आहे. मिलर्स कोर्टांतील भयंकर कृत्यानंतर खुन्याची बुद्धि तत्काळ भ्रंश पावली, असें मॅकनॉटन ह्यांचें म्हणणें. परंतु ड्रुइट हा १९ नोव्हेंबरला ब्लॅकहीथच्या क्रीडासंस्थेच्या सभेस हजर राहून मैदानाला लागून असलेली जागा घेण्याचा ठराव मांडीत होता. दहा दिवसांपूर्वीं ज्याची बुद्धि ठिकाणावर राहिली नाहीं, त्यास मैदानाची एवढी काळजी असावी, हें चमत्कारिक नव्हे काय?

क्रिकेटच्या नोंदीही येथें उपयोगीं पडतात. निकोल्स हिच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशीं, १ सप्टेंबरला, ड्रुइट लंडनपासून सुमारें शंभर मैलांवर डॉर्सेटमध्यें खेळत होता. चॅपमन हिचा खून ८ सप्टेंबरच्या पहाटे साडेपांचच्या सुमारास झाला. आणि त्याच दिवशीं सकाळीं साडेअकरा वाजतां ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर सामन्यास उभा होता. ह्या गोष्टींनीं तो निर्दोषी ठरतो असें मी म्हणणार नाहीं; सहा तासांत कपडे बदलून मैदानावर येणें अशक्य नाहीं. पण अशक्य नाहीं आणि घडलें, ह्या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे, हें वाचकांस सांगावयास नको.

आणखी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ३० सप्टेंबरच्या रात्रीं एडोज हिच्या कमरेच्या वस्त्राचा रक्ताळलेला तुकडा गुल्स्टन स्ट्रीटमध्यें मिळाला. मायटर स्क्वेअरहून तो रस्ता ईशान्येस, म्हणजे पुन्हां व्हाइटचॅपेलच्या पोटांत नेणारा आहे. ड्रुइटचें बिऱ्हाड दक्षिणेस ब्लॅकहीथला, आणि वकिलीची कचेरी पश्चिमेस टेंपलमध्यें. दोन खून झाले आहेत, शिट्ट्या वाजत आहेत, शिपाई धांवत आहेत. अशा वेळीं पळणारा मनुष्य आपल्या घराकडे पाठ करून संकटाच्या मध्यभागीं कां जाईल? तो जवळपासचाच राहणारा असावा, हें अनुमान अधिक सरळ आहे.

लॅवेंडच्या साक्षीविषयीं इतकेंच कीं, त्यानें पाहिलेला मनुष्य खलाशासारखा दिसत होता, आणि पुन्हां पाहिला तर आपण ओळखूं शकणार नाहीं असें त्यानेंच सांगितलें. तीस वर्षांचे मिशीवाले पुरुष त्या काळच्या लंडनमध्यें हजारोंनीं मोजावे लागले असते.

वरिष्ठ अधिकाऱ्यांचेंही एकमत नव्हतें. सर रॉबर्ट अँडर्सन ह्यांनीं १९१० सालीं एका पोलिश ज्यूकडे बोट दाखविलें. व्हाइटचॅपेलच्या गल्ल्या प्रत्यक्ष तुडविणारे इन्स्पेक्टर ॲबरलीन ह्यांनीं १९०३ सालीं भलत्याच इसमाचा संशय सांगितला. आणि बुडून मेलेल्या त्या तरुणाविरुद्ध, तो त्या सुमारास सांपडला ह्यापलीकडे कांहीं नाहीं, असें स्पष्ट म्हटलें. प्रत्यक्ष तपास करणाऱ्याचें हें मत, मागाहून आलेल्या अधिकाऱ्याच्या टिपणापेक्षां मला अधिक वजनदार वाटतें.

मग बाकी काय राहिलें? एक प्रवाद, वेडी आई, गेलेली नोकरी, आणि खिशांतील दगड. प्रवादाची वाढ कशी होते तें येथें पाहण्यासारखें आहे. १८९१ सालीं तो सांगे कीं, शेवटच्या खुनाच्या रात्रींच त्या तरुणानें जीव दिला. तीन आठवड्यांचें अंतर प्रवादानें एका रात्रींत आणून ठेविलें, कारण त्यावांचून कथेला ठसका येत नव्हता. शस्त्रवैद्याचा मुलगा पुढें स्वतःच डॉक्टर झाला, कारण सुरी चालविणारा डॉक्टर असावा ही लोकांची आवड. ड्रुइटनें जीव कां दिला ह्याचें उत्तर त्याच्याच चिठ्ठींत आहे : आईच्या वाटेनें आपणही जाणार ह्या भयानें. त्या उत्तरांत रक्ताचा थेंबही नाहीं. पण मनाच्या रोगास लाजणाऱ्या समाजास एवढें साधें दुःख पुरत नाहीं. आत्महत्येच्या मागें त्यास पाप हवें असतें, आणि पाप जितकें मोठें तितकें समाधान अधिक.

माझा निर्णय असा कीं, ड्रुइटवरील आरोप सिद्ध होत नाहीं; नव्हे, खटला उभा करण्याइतकाही पुरावा नाहीं. तो खुनी नव्हताच असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. परंतु तें सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर नाहीं. व्हाइटचॅपेलच्या त्या पांच स्त्रियांस न्याय मिळाला नाहीं, ही खंत खरी आहे. पण सहाव्या एका दुःखी जीवाचें नांव त्यांच्या रक्तांत बुडवून ती खंत भरून निघणार नाहीं. विंबोर्नच्या दफनभूमींत तो आपल्या कुटुंबियांजवळ निजलेला आहे. पुरावा येईपर्यंत आपण त्यास तेथें शांतपणें निजूं द्यावें, हेंच न्यायाला धरून होईल.