ऑर्वेलचे पन्नास दिवस

१९४७ च्या डिसेंबरांत इंग्रज ग्रंथकार जॉर्ज ऑर्वेल क्षयानें ग्रासून ग्लासगोजवळील हेअरमायर्स रुग्णालयांत दाखल झाला. (हा गृहस्थ १९०३ सालीं आपल्याकडे बिहारांत, मोतीहारीस जन्मला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.) नव्या कादंबरीचा कच्चा खर्डा नुकताच हातावेगळा झाला होता. क्षयावर हवापालट, सकस आहार आणि विश्रांति यांपलीकडे रोगाच्या मुळाशीं जाणारें औषध पूर्वीं नव्हतें. १९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समनच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकानें मातींतल्या सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविलें. ब्रिटनमध्यें मात्र तें दुर्मिळ. डेव्हिड ॲस्टर या संपादक-मित्रानें खटपट केली, आरोग्यमंत्री बेव्हन यांची अनुज्ञा मिळविली, आणि औषध अमेरिकेहून आलें.

१९४८ च्या फेब्रुवारींत रोज एक ग्रॅम टोंचण्यास आरंभ झाला. कांहीं आठवड्यांतच चेहरा लाल झाला, कातडीचे पापुद्रे निघूं लागले, अंगभर पुरळ उठलें. तोंडांत व घशांत व्रण पडले. ओंठांवरील फोडांतून रात्रीं रक्त वाहे, आणि सकाळीं चिकटलेले ओंठ धुतल्याखेरीज तोंड उघडतां येईना. नखें मुळाशीं झिजलीं, केंस गळूं लागले. पुढें १९४९ च्या मार्चमध्यें त्यानें हें सारें आपल्या वहींत टिपून ठेविलें. जणूं परक्याचेंच दुखणें!

डॉक्टरांना दोष देणें सोपें आहे. मला तें न्यायाचें वाटत नाहीं. या औषधानें चक्कर येते, कानांस अपाय होतो, एवढें कळलें होतें. कातडीचा असा उद्रेक मात्र त्यांना नवा होता, आणि या औषधाचा पूर्वानुभवही त्यांच्या गांठीं नव्हता. सुमारें पन्नास दिवसांनीं टोंचणें थांबविलें. उरलेलें औषध दुसऱ्या दोन रोग्यांना दिलें. त्या दोघी डॉक्टरांच्या पत्नी होत्या. दोघीहि बऱ्या झाल्या.

तथापि ऑर्वेलचे ते दिवस फुकट गेले असें म्हणवत नाहीं. थुंकींतले जंतु दिसेनासे झाले, जुलैंत तो घरीं परतला, आणि जुरा बेटावर वर्षअखेरीस त्यानें ‘नाइन्टीन एटी-फोर’ पुरी केली. त्या औषधावांचून ती पुरी झाली असती, याची मला शंकाच आहे. १९४९ मध्यें रोग उलटला. औषध पुन्हां देऊन पाहिलें, पण शरीरानें तें तात्काळ धुडकाविलें. २१ जानेवारी १९५० रोजीं लंडनच्या रुग्णालयांत, फुप्फुसांतून रक्तस्राव होऊन, वयाच्या ४६ व्या वर्षीं तो वारला. क्षयावरील आइसोनायाझिड हें दुसरें प्रभावी औषध १९५२ सालीं आलें.