जनरल, आदत आणि रोटॅक्स

फॉर्म्युला वन जास्त थरारक की मोटोजीपी, हा वाद कोल्हापूरच्या कट्ट्यांना नवा नाही. पण या वादात जो तो जी मोजपट्टी वापरतो, ती टीव्हीवरून आलेली नाही. इंजिनं या मुलखात यायच्या कितीतरी आधी छकड्यांनी ती इथं तयार करून ठेवली होती.

बैलगाडी शर्यतीच्या आपल्याकडे दोन ठळक तऱ्हा. खेड, जुन्नर, आंबेगावकडे घाट. एका वेळी एकच बारी, म्हणजे एकच गाडा, पुढं घोडी, आणि निकाल घड्याळावर. अकरा-बारा सेकंदांत सगळं संपतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावरून ‘घाटाचा राजा’ ठरतो. सातारा-सांगलीकडे मैदान. शेजारी शेजारी तास, म्हणजे पळायचे पट्टे, आखलेले, कोणाला कोणता तास ते चिठ्ठी ठरवणार. सुट्टी मेकर बैलांना धरून उभे राहतात, झेंडा पडला की सोडतात, आणि हाकणाऱ्याला सरळ ‘ड्रायव्हर’ म्हणतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. सकाळी गट पास झालेली जोडी संध्याकाळी फायनलला तेवढीच ताजी असेल का, यावर मैदानातला निम्मा वाद चालतो.

रॅली हा प्रकार घाटाच्या घराण्यातला. नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र बघायला गेलेला माणूस धुळीत उभा राहून एकेक गाडी जाताना बघतो. कोण पुढं आहे ते त्याला घड्याळच सांगतं. ट्रॅकवरची रेस मैदानाच्या घराण्यातली. कोण पुढं, ते डोळ्यांना दिसतं. कोल्हापूरकराचा जीव साहजिकच मैदानाकडे ओढला जातो. माझाही.

संस्थानकाळात वेगाचं वेड घोड्यांचं होतं. शाहू महाराज खडखडा स्वतः हाकत. घोड्यांना वळण लावायची ती गाडी, तिच्यातून ते गावोगाव फिरत. शहरातलं रेसकोर्स नाका हे नाव अजून टिकून आहे. मोटारी आल्या त्या मात्र आधी थाटाच्या. दसऱ्याला निघणारी छत्रपतींची मेबॅक बघायला गर्दी होते, पण ती मिरवायची गाडी, पळवायची नव्हे. मोटारीची शर्यत खरी रुजायला कार्ट यावी लागली.

कार्टचा जन्म तसा गमतीचा. 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन एका नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलं. पुढं ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सनं 125 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन काढलं आणि त्याला सील ठोकलं. अधिकृत केंद्राशिवाय ते कोणी उघडायचं नाही. पैसेवाल्याच्या आणि बेताच्या ऐपतीच्या पोराच्या पाठीशी एकसारखीच ताकद. राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर झाल्या, तेव्हा तिथला बेत मैदान बघणाऱ्याला समजावून सांगावा लागला नसता: हीट्स, प्री-फायनल, फायनल. वयावरून मायक्रो मॅक्स, ज्युनिअर, सीनिअर. आपल्याकडे बैलाच्या दातांवरून आदत, दुसा, चौसा. कोणी कोणाकडून उचललेलं नाही. भाग घेणारे भरपूर आणि वाट अरुंद असली, की दोन्हीकडची डोकी तिथंच पोचतात.

कोल्हापूरच्या पोरांनी पुढं जे गाठलं तेही याच जातीचं. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या अमिओ कपमध्ये उतरला. तिथं सगळ्यांना कंपनीच एकसारख्या गाड्या देते. कृष्णराज महाडिक 2018 मध्ये ब्रिटिश एफ-थ्रीत धावला. तिथंही सगळ्यांची चेसिस टाटूसची, इंजिन कॉसवर्थचं. जे काही उणं-अधिक निघायचं ते हातात, ब्रेक किती उशिरा दाबतो त्यात.

फॉर्म्युला वन याच्या उलट. ती आमच्या भाषेत जनरल. दाताची अट नाही, ज्याच्या गोठ्यात चांगली जोडी तो पुढं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011, 2012, 2013 अशा तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलनं जिंकल्या. 2013 च्या मोसमातल्या शेवटच्या सलग नऊ शर्यती त्याच्याच. त्यातल्या नोएडाच्या शर्यतीनंतर त्यानं गाडी गरागरा फिरवून धूर काढला आणि संघाला 25 हजार युरोंचा दंड झाला. खरं सांगायचं तर त्या दिवसाचा थरार तेवढाच. गाडीची कारागिरी अचाट, पण पहिला कोण येणार हे आधीच कळलेलं असेल तर जनरलच्या मैदानातही माणसं चहाच्या टपरीकडे वळतात. पोरांच्या कार्ट फायनलमध्ये शेवटच्या वळणावर तिघं चाकाला चाक लावून आत शिरतात, तेव्हा टपरी ओस पडते.

फॉर्म्युला वनला आणि बैलांच्या शर्यतींना कुलूपही जवळपास एकदमच लागलं. उत्तर प्रदेश सरकारनं फॉर्म्युला वनला खेळ न मानता करमणूक ठरवलं, कराचा तंटा वाढला आणि 2013 नंतर ती परतली नाही. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. आता बैलांना चाबूक-काठी लावायला मनाई आहे आणि मोठ्या मैदानांत पहिल्या नंबराला थार नाहीतर ट्रॅक्टर ठेवतात. बैलांनी जिंकलेली थार दारात उभी असते. फॉर्म्युला वनचं कुलूप मात्र अजून निघालेलं नाही.